कठड्याजवळची खुर्ची

माझा भाचा हिंगोलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत चालवतो. मध्यंतरी एक हंगाम त्याला बरा गेला, तेव्हा बायको-लेकरांना समुद्र दाखवायचं त्याच्या मनाने घेतलं. नुसता चौपाटीवरून नाही, तर मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझवरून, आणि तेही गॅलरीवाली केबिन घेऊन. आमच्या घराण्यातला याआधीचा सगळ्यात मोठा जलप्रवास म्हणजे कयाधूला पूर आलेला असताना माझे आजोबा म्हशीचं शेपूट धरून पैलतीराला गेले होते, तो. त्यामुळे मंडळी परत आली तेव्हा फोटो बघायला सगळी गल्ली आमच्या बैठकीत लोटली.

मोबाईल टीव्हीला जोडला होता. ताटांचे फोटो झाले, नाचगाण्याचे झाले, टोप्या घातलेल्या खलाशांचे झाले. मग एक फोटो आला आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम ‘वा!’ निघालं. केबिनची गॅलरी, मागे नुसतं निळं पाणी, आणि चार वर्षांची आमची नात वेताच्या खुर्चीवर उभी. दोन्ही कोपरं कठड्यावर टेकवलेली, वाऱ्याने झिपऱ्या उडालेल्या, तोंडभर हसू. खरंच देखणा फोटो होता.

मी विचारलं, ‘‘हा कोणी काढला?’’

‘‘मीच की, आत्या.’’

‘‘सूनबाई कुठं होती?’’

‘‘ती आत, धाकट्याला आंघोळ घालत होती.’’

‘‘मग लेकराला धरलं कोणी होतं?’’

बैठकीत जरा वेळ कुणी बोललं नाही. सूनबाईने नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, ‘‘आत्या, एकच सेकंद होता हो.’’ आणि बोटाने पुढचा फोटो सरकवला.

मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली. आधी कळमनुरी, मग सेनगाव, शेवटची दहा वर्षं वसमत तालुक्यात. माझ्या वर्गात शेंबूड पुसत बसलेली पोरं आता आईबाप झालीत. बाजारात भेटली की वाकून पाया पडतात आणि म्हणतात, ‘बाई, आमचं लेकरू अजिबात ऐकत नाही.’ तेव्हा पोरांनो, पोरींनो, आज तुमच्याशीच बोलते. रागवायला नाही. त्या फोटोने माझी झोप उडवली, म्हणून.

शाळेतली सवयच लागलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर मी गणित मांडलं. अमेरिकेने 2010 साली क्रूझ जहाजांसाठी एक कायदा केला. त्यात कठडा कमीत कमी 42 इंच उंच असावा असं म्हटलंय. 42 इंच म्हणजे साडेतीन फूट. चार वर्षांचं लेकरू उंचीला सव्वातीन फुटांच्या पुढेमागे. म्हणजे लेकरू नुसतं उभं असेल तर कठडा त्याच्या डोक्याच्या वर जातो. काळजीचं कारण नाही. आता तिथे खुर्ची आणा. खुर्चीची बैठक जमिनीपासून दीड फूट. साडेतीनातून दीड गेले, उरले दोन. आणि दोन फूट म्हणजे त्याच लेकराची बेंबी.

लहान लेकरू म्हणजे आपली छोटी आवृत्ती नव्हे. जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या अंगाच्या चौथ्या हिश्शाएवढं असतं, मोठ्या माणसाचं सातव्या-आठव्या. पाच-सहा वर्षांपर्यंत लेकराचा भार वरच्या अंगाला जास्त असतो. चुंबळ नसलेल्या डोक्यावर भरलेली घागर ठेवावी, तसा. कठडा बेंबीशी आला आणि लेकरू खाली डोकावलं, की पाय आपसूक सुटतात. त्यासाठी त्याला उडी मारावी लागत नाही, चढावंही लागत नाही. कुतूहल पुरतं. एका मजल्याच्या उंचीवरून खाली यायला पाऊण सेकंद लागतो. भाच्याने सांगितलेला ‘एकच सेकंद’ त्याहून मोठा होता.

म्हणून माझं भांडण कठड्याशी नाही. कठडा बांधणाऱ्याने आपलं काम बहुतेक वेळा केलेलं असतं. त्याच्याजवळ खुर्ची आपण नेऊन ठेवतो.

7 जुलै 2019 ला पोर्तो रिकोच्या सान हुआन बंदरात ‘फ्रीडम ऑफ द सीज’ हे अवाढव्य जहाज धक्क्याला लागलेलं होतं. अकराव्या डेकवर मुलांच्या पाण्यात खेळण्याच्या जागेजवळ काचेची लांबलचक भिंत. दीड वर्षाच्या नातीला काचेवर हात आपटायला आवडायचं, म्हणून आजोबांनी तिला उचलून कठड्यावर धरलं. त्यांना वाटलं पुढे काच आहे. नेमकी ती एक खिडकी उघडी होती. नात खाली धक्क्यावर पडली आणि गेली. पुढे खटला उभा राहिला, आजोबांनी गुन्हा कबूल केला, 2021 मध्ये त्यांना तीन वर्षांच्या प्रोबेशनची शिक्षा झाली. कोर्टाची शिक्षा तीन वर्षांची, असं आपलं म्हणायचं.

त्या आजोबांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. नातवंडाला उचलून काहीतरी दाखवणं हा तर आजोबापणाचा अर्धा व्यवहार. आमच्याकडे दसऱ्याला रामलीला मैदानावर रावण जळताना दिसावा म्हणून किती आजोबा, किती काका लेकरांना खांद्यावर घेऊन जवळपासच्या गच्च्यांच्या कडेला उभे असतात! मी त्या घटनेतून एवढंच घेतलं, की समोर काच आहे की नाही हे डोळ्यांना विचारायचं नाही, हाताला विचारायचं. आधी आपला तळवा लावून बघायचा. आणि काच असली तरी लेकराचं वजन तिच्यावर टाकायचं नाही.

तुम्ही म्हणाल, बाई, आम्ही कुठे क्रूझवर चाललोय? हप्ते फेडता फेडता नाकी नऊ आलेत. कबूल. पण कठडा आणि खुर्ची यांची गाठ समुद्रावरच पडते असं थोडंच आहे. ती आपल्या डोक्यावर, आपल्याच स्लॅबवर रोज पडते.

1 मे 1999 ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. मग कचेऱ्या आल्या, लेआउट पडले, प्लॉट विकले गेले, माळवदं गेली आणि स्लॅब आले. जुन्या माळवदावर चढायला बऱ्याच घरी लाकडी शिडी असायची. त्या शिडीचा एक मोठा गुण कुणी लक्षात घेतला नाही: ती काढून ठेवता यायची. दुपारी माणसं आडवी झाली की आजी शिडी ओसरीत आणून टाकायची, संपला विषय. आता सिमेंटचा जिना आला. तो दिवसरात्र तिथेच असतो.

आणि स्लॅबचं आपलं शास्त्र सगळ्यांना ठाऊक आहे. खालच्या चार खोल्या बांधेपर्यंत पैसा संपतो. ‘वरचा मजला पुढच्या हळदीला’ असं म्हणून कॉलमच्या सळया आभाळाकडे तोंड करून तशाच सोडलेल्या. कठडा बांधला तर पुढे तो फोडावा लागणार, म्हणून कठडाच बांधायचा नाही. जिन्याला रेलिंग नाही, कारण तेही वरच्या मजल्याबरोबर करायचं ठरलंय. पुढची हळद येते, तिचा पैसा पोरीच्या लग्नाला जातो. त्यापुढची येते, ती बोअरला जाते. तोवर घरात जन्मलेलं लेकरू चालायला लागतं, जिना चढायला लागतं. घरभरणीला आलेल्या पाहुण्यांना हा उघडा स्लॅब दिसतो. दोन वर्षांनी घरच्यांना तो दिसेनासा होतो. डोळ्यांना सवय झाली की धोका भिंतीच्या रंगासारखा होऊन जातो.

मी माजी विद्यार्थ्यांच्या घरी जाते तेव्हा चहा व्हायच्या आधी जिना चढून वर जाते. लोकांना वाटतं, बाईंना हवा खायचीय. वर काय काय असतं ते बघा एकदा तुमच्याच नजरेने, पण गुडघ्यावर बसून, लेकराच्या उंचीवरून. पाण्याची काळी टाकी आणि तिला टेकवलेली शिडी. उन्हाळ्यात झोपायला नेलेली बाज, तीही वारा लागावा म्हणून बरोब्बर कडेला. कुरडया-पापडांचं वाळवण आणि ते अंथरलेला पाट. उरलेल्या विटांची चवड. रंगाचे रिकामे डबे. उपडी घातलेली बादली. यातली एकेक वस्तू म्हणजे पायरी आहे. चार वर्षांचं पोरगं ती ओढत आपल्याला हव्या त्या जागी नेतं, तेवढी अक्कल आणि तेवढं बळ त्याला असतं. वर्गात फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिता यावं म्हणून टेबलावर डबा आणि डब्यावर दप्तर ठेवून चढलेला पहिलीतला विद्यार्थी मी पाहिलाय.

कठड्याला आत्ता पैसे नसतील तर नसू द्या. जिन्याच्या तोंडाशी पत्र्याचं दार बसवा आणि कडी वरच्या अंगाला, तुमच्या डोक्याच्या उंचीवर. खाली लावलेली कडी म्हणजे लेकरासाठी खेळणं. हे दार गावातला वेल्डिंगवाला दोन दिवसांत करून देतो, कठड्याच्या मानाने किरकोळ खर्चात. जिन्याच्या उघड्या बाजूला निदान दोरीची जाळी आवळून बांधा. आणि कठडा बांधाल तेव्हा शोभेसाठी आडव्या नळ्यांचा बांधू नका. आडव्या नळ्या म्हणजे लेकरासाठी शिडीच झाली. नळ्या उभ्या हव्यात, दोन नळ्यांमध्ये चार बोटांपेक्षा जास्त फट नको. अंग निसटून जातं आणि डोकं अडकतं, असंही होतं.

आता माझीच चूक सांगते, म्हणजे बाई नुसत्या दुसऱ्याच्या घरची उणीदुणी काढतात असं वाटायला नको.

1987 चा उन्हाळा. सासरी गच्चीवर आम्ही सासवा-सुना कुरडया घालत होतो. गव्हाचा चीक शिजवून वर आणलेला, हात भरलेले, ऊन चढायच्या आत उरकायची घाई. रात्री झोपायची बाज मीच सावलीला म्हणून कठड्याला लावून ठेवली होती. कठडा दोन-अडीच फुटांचा. माझं तीन वर्षांचं पोरगं माझ्या मागे खेळत होतं, म्हणजे असं मी धरून चालले होते. सोऱ्या फिरवता फिरवता मान वर केली तर ते बाजेवर उभं. पोट कठड्यावर, डोकं पलीकडे. खाली गल्लीत कुंभाराची गाढवं चालली होती, ती बघत होतं. त्याचे पाय मला अजून दिसतात. टाचा वर उचललेल्या, नुसते अंगठे सुंभात रुतलेले.

माझा श्वास ओरडण्यासाठी आत गेला, तेवढ्यात पलीकडे बसलेल्या सासऱ्यांनी हात वर केला. मला थांबवलं. आणि रोजच्या आवाजात, जरासुद्धा वर न चढवता, म्हणाले, ‘‘बाळा, चीक खायला ये. गूळ टाकलाय बघ.’’

पोरगं आधी मागे रेललं. टाचा टेकल्या. मग वळलं, बाजेवर बसलं, उतरलं आणि वाटी मागायला लागलं. मी कुरडईच्या हातांनीच त्याला धरलं, त्याच्या पाठीवर चिकाचे पाच बोटांचे ठसे उठले. मामंजी उठले, बाज एकट्याने ओढत गच्चीच्या मधोमध नेली आणि परत आपल्या जागी येऊन बसले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मी किंचाळले असते तर ते दचकून वळलं असतं, आणि वळताना तोल कुठल्या बाजूला गेला असता कोण जाणे. म्हणून लेकरू कडेला दिसलं तर आधी आपला आवाज गिळायचा. हाताच्या अंतरावर असेल तर न बोलता जाऊन कंबरेला धरायचं, लांब असेल तर त्याला मागे यावंसं वाटेल असं काहीतरी साध्या सुरात म्हणायचं. हे बोलायला सोपं आहे. त्या क्षणी जमेलच असं नाही, मला जमलं नव्हतं.

आपल्याकडची पोरं नोकरीला पुण्या-मुंबईकडे गेली. मग नातवंडं सांभाळायला आजी-आजोबा तिकडे जातात, सोबत ज्वारीचं पीठ आणि मिरचीचा ठेचा घेऊन. आता तर जनशताब्दीही हिंगोलीतून थेट मुंबईला जाते. जन्मभर ओसरी-अंगणात लेकरं वाढवलेली ही माणसं एकदम सातव्या, बाराव्या मजल्यावर जाऊन बसतात. त्यांच्या अंगात उंचीची सवयच नसते. जुलै 2025 मध्ये दोन बातम्या आठवड्या-दोन आठवड्यांच्या अंतराने आल्या. पुण्यात कात्रजच्या बाजूला आई मोठीला शाळेत सोडायला खाली गेली, बाहेरून कुलूप लावून. मागे राहिलेली चार वर्षांची मुलगी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बाहेर आली आणि लोंबकळत अडकली. शेजारच्या इमारतीत राहणारा अग्निशमन दलाचा जवान त्या दिवशी सुट्टीवर घरी होता, तो धावला, म्हणून ती वाचली. दुसरी बातमी नायगावची, तिकडे वसईच्या बाजूची. बाहेर निघायची गडबड होती, चपला घालायच्या होत्या, म्हणून आईने लेकीला क्षणभर चपलांच्या कपाटावर ठेवलं. कपाट खिडकीला लागून. खिडकीला ग्रील नव्हतं. मजला बारावा.

चपलांचं कपाट. ती खुर्चीच झाली की.

तेव्हा फ्लॅटमध्ये राहायला गेलात तर पहिल्या दिवशी दूध उतू घालण्याआधी खिडक्यांखालचं सामान हलवा. सोफा, पलंग, वॉशिंग मशीन, कुंड्यांचा स्टँड, काहीही खिडकीखाली नको. ‘जाळी आहे की आमच्याकडे’ असं पुष्कळजण सांगतात. ती जाळी कबुतरांसाठी असते. कबुतराला अडवणारी दोरी लेकराचं वजन पेलेल असं गृहीत धरू नका. मच्छरदाणीची जाळी तर टेकलं तरी चौकटीतून निघून येते. आणि हिंगोलीकरांसाठी एक खास सूचना. मार्चमध्ये कूलर बसवायला आपण खिडकीचं ग्रील कापतो किंवा काढून ठेवतो, जूनमध्ये कूलर काढून माळ्यावर टाकतो, आणि ते भोक व बाहेरचा लोखंडी स्टँड पुढच्या मार्चपर्यंत तसाच राहतो. जा, बघून या तुमच्या घरात. मी थांबते.

न्यूयॉर्कमध्ये सत्तरच्या दशकात लेकरं खिडक्यांतून पडण्याचं प्रमाण फार वाढलं होतं. तिथल्या आरोग्य खात्याने ब्राँक्स भागात मोहीम काढली, नाव ठेवलं ‘चिल्ड्रन कान्ट फ्लाय’. लेकरांना उडता येत नाही! परिचारिका घरोघरी गेल्या, आईबापांशी बोलल्या, आणि नुसतं बोलून न थांबता खिडक्यांना बसवायचे गज फुकट दिले. 1973 ते 1975 एवढ्यात ब्राँक्समधलं हे पडणं निम्म्यावर आलं. 1976 मध्ये कायदा झाला: तीन किंवा जास्त घरांची इमारत असेल आणि घरात दहा वर्षांपर्यंतचं मूल असेल, तर घरमालकाने खिडक्यांना गज बसवलेच पाहिजेत. मला यातला सगळ्यात आवडलेला भाग तो फुकटच्या गजांचा. समजावून सांगणाऱ्यांची आपल्याकडेही वाण नाही. हातात गज घेऊन येणारा पाहिजे.

समजावण्यावरून आठवलं. ‘आम्ही तिला दहा वेळा सांगितलंय, कठड्याजवळ जायचं नाही.’ हे वाक्य मला भाच्यानेही ऐकवलं. सांगावंच. पण चौतीस वर्षांच्या अनुभवाने सांगते, चार वर्षांच्या लेकराला सांगितलेलं कळतं आणि पाठही असतं, फक्त आभाळातून विमान गेलं की त्या क्षणी आठवत नाही. आणि सहा वर्षांच्या ताईला ‘भावाकडे बघ गं’ म्हणून बसवणं म्हणजे तिच्यावर आयुष्यभराचं ओझं टाकण्याची तयारी करणं.

भाच्याचं बघून मार्केट यार्डातली आणखी दोघं-तिघं क्रूझचं विचारायला लागली आहेत. माझ्याकडे चौकशीला येतात, मी काही तिकिटं विकत नाही! तरी त्यांना सांगितलं ते इथेही सांगते. लेकरू पाचाच्या आतलं असेल तर गॅलरी नसलेली केबिन घ्या, पैसेही वाचतात, समुद्र वरच्या डेकवरून तेवढाच दिसतो. गॅलरीवालीच हवी असेल तर केबिनमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या बॅगा उघडण्याआधी गॅलरीतल्या खुर्च्या आणि ते छोटं टेबल आत ओढून घ्या, नाहीतर केबिन आवरणाऱ्या माणसाला न्यायला सांगा. सांगायला लाजू नका, त्याला त्यात नवल वाटत नाही. गॅलरीच्या दाराची कडी कुठे आहे, लेकराचा हात पोचतो का, वर दुसरी कडी लावून मिळेल का, हे विचारून घ्या. शेजारच्या गॅलरीशी जोडणारा पडदीचा दरवाजा असतो, तो बंद आहे ना बघा. आणि ते सरकतं किंवा जड दार! समुद्रावरचा वारा म्हणजे आपल्याकडची वावटळ नव्हे, तो थांबतच नाही. केबिनचं दार आणि गॅलरीचं दार एकाच वेळी उघडलं की झोत असा येतो, की दार धाडकन आपटतं आणि मध्ये लेकराची बोटं असतात. रात्री दाराच्या बाजूला मोठ्या माणसाने झोपायचं. पहाटे लेकरू आपल्या आधी उठतं, हे तुम्हाला सांगायला नको.

सुटण्यापूर्वी सगळ्यांना जमवून आपत्तीची कवायत घेतात, ती चुकवू नका. 2012 मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया आडवं झालं, त्यानंतर ही कवायत सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यायचा नियम कडक झाला. लेकराच्या मापाचं लाइफ जॅकेट वेगळं असतं, ते तिथेच मागून, घालून बघा. कुणी पाण्यात पडलं आणि जहाज वीस नॉटने चाललेलं असेल, तर एका मिनिटात ते सहाशे मीटर पुढे गेलेलं असतं. हा आकडा मी भाच्याला सांगितला तेव्हा त्याने चहाचा कप खाली ठेवला.

समुद्राचं फार झालं. आपलं पाणी वेगळं. आपल्याकडे शेततळी झाली, आत प्लास्टिकचा कागद, त्याच्या उतारावर मोठ्या माणसाचाही पाय ठरत नाही. कुंपण नसेल तर कुंपण घाला, आणि काठाला खुंटी ठोकून गाठी मारलेला जाड दोर कायम पाण्यात सोडून ठेवा. आणि लेकरू उंचावरून पडलंच, तर रडायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं समजू नका. मान न हलवता आडवं ठेवा, 108 लावा. डोक्याला मार असेल तर उलटी, गुंगी तासाभराने सुरू होऊ शकते, आणि इथून नांदेड गाठायचं तर वेळ हाताशी ठेवून निघावं लागतं.

एक गोष्ट राहिली, आणि मला तर ती खुर्चीएवढीच मोठी वाटते. माझ्या त्या कुरडयांच्या दिवशी गच्चीवर आम्ही मोठी माणसं पाच होतो. भाच्याच्या केबिनमध्ये दोघं होती. लग्नघरात तर पन्नास असतात, आणि लेकरं हरवतात, पडतात, भाजतात ती नेमकी लग्नघरातच. प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. आईला वाटतं आजीजवळ आहे, आजीला वाटतं काकाने नेलं, काका मोबाईलवर मंडपवाल्याशी भांडतोय. सगळ्यांचं लेकरू म्हणजे त्या घटकेला कुणाचंच नाही.

माझ्याकडे शाळेतली पीटीची शिट्टी आहे, पितळी, काळ्या दोरीची. निवृत्तीच्या दिवशी मुख्याध्यापकांनी ‘राहू द्या बाई’ म्हणून दिलेली. फोटोच्या त्या प्रसंगानंतर आमच्या घरी चार माणसं आणि दोन लेकरं जमली, की ती शिट्टी कुणातरी एकाच्या गळ्यात असते. ज्याच्या गळ्यात शिट्टी, त्याचे डोळे लेकरांवर. त्याने त्या वेळात फोन घ्यायचा नाही, पत्ते खेळायचे नाहीत, वाढायला उठायचं नाही. कंटाळा आला तर शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, आणि घालताना तोंडाने म्हणायचं, ‘आता तुझ्याकडे.’ नुसती टेबलावर ठेवून जायचं नाही. पहिल्यांदा सगळे हसले. भाच्याच्या सासऱ्यांनी तर ‘आम्हाला काय ड्रिल मास्तर केलं का?’ म्हणून फुरंगटून घेतलं. पुढच्या तासाला तेच नातवामागे अंगणभर फिरत होते, शिट्टी पोटावर उड्या मारत होती.

गेल्या वैशाखात वसमतला सूनबाईच्या चुलत बहिणीचं लग्न होतं. माझे गुडघे धरलेले, मी गेले नाही. शिट्टी मात्र पाठवली. दुपारी अक्षता पडल्या असतील अशा बेताने भाच्याला फोन लावला, पाहुणे किती आले, जेवणं कशी झाली विचारावं म्हणून. मागे बँडचा गलका. त्याने उचलला आणि मला बोलूच दिलं नाही.

‘‘आत्या, शिट्टी माझ्याकडंय. नंतर लावतो.’’

आणि ठेवला.